काठावरच्या चपला

ठाण्याच्या जुन्या रजिस्टरात
जमादार लिंबाजी सरवदे यांचं अक्षर अजून लागतं.
उभं, टोकदार,
बाभळीच्या फासांचं कुंपण घालावं तसं.
"विहिरीच्या काठी चपलांचा एक जोड, तोंड उत्तरेस.
प्रेत स्त्री जातीचे, वय अंदाजे बावीस.
पाणी शेंदताना पाय घसरून."

पुढच्या पानावर, पाय घसरून.
ज्या साली देवणीच्या विहिरींना गुडघाभर पाणी होतं
त्या सालीही पाय घसरून.
नातेवाईक सांगत, पंच अंगठे देत,
जमादार लिहीत.

खडकीच्या सॅपरांत होते आधी.
श्योक नदीच्या बर्फगार पाण्यात पूल टाकलेला माणूस,
त्याला आपल्या विहिरींचं काय?
खाकी चढवली, आणि तालुक्यात कुठंही बाई हरवली
की निरोप यायचा,
"सरवद्याला धाडा, त्यो बुडी मारतो."
हिप्पळवाडीच्या विहिरीत दोर आवळला,
डाव्या हाताची दोन बोटं गेली.
विचारलं तर म्हणत,
"दोन जण तिथंच बंदोबस्ताला हायेत."

वर आणण्याआधी, पाण्याखालीच,
ते बाईचा पदर सारखा करायचे.
हे रजिस्टरात नाही.
गयाकाकूनं सांगितलं, भाकरी थापता थापता,
माझ्याकडं न बघता.

रिटायर झाले. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन माळावरच्या बारवेत उतरले,
सहा महिने गाळ काढला,
पेन्शनीतून इंजिन भाड्यानं लावलं,
मग दारोदार.
"पोरीला पवायला धाडा."
"पोरींनी पवून काय मासे धरायचेत, जमादार?"
ते फक्त म्हणायचे, "सत्तेचाळीस."
काय सत्तेचाळीस, विचारेपर्यंत
शेजारच्या दारात उभे.

माझ्या बापानं मला सायकलवर नेऊन सोडलं.
एक शब्द बोलला नाही.
एकसष्टाव्या पानावर माझी आत्या आहे,
हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

पाठीला सोयाबीन तेलाचे रिकामे डबे,
पंजाबी ड्रेस हवेनं टम्म फुगलेला,
आणि पायरीवर जमादार, हात वर.
"श्वास धर. एक. दोन."
बोटं आठच, म्हणून मोजणी आठपर्यंतच.
आठला वर यायचं.
देवणीच्या आम्ही सगळ्याजणी
अजून आठपर्यंतच मोजतो,
सिलेंडरच्या रांगेत, बाळंतकळांत, कुठंही.

गयाकाकू काठावर चपला राखायची.
एकोणीस जोड आले, एकोणीस गेले पाहिजेत.
आम्ही पाण्यात असताना ती एकेक जोड उचलून
त्याचं तोंड गावाकडं करून ठेवायची.
का ते तेव्हा कळलं नाही.
आम्हाला वाटायचं, म्हातारीला चाळा आहे.

आज पहाटे फोन आला. विहीर.
मी गेले. काठावर चपला होत्या, तोंड उत्तरेस,
आणि आतल्या पायरीवर ती,
ओलीचिंब, दात वाजतायत, जिवंत.
बारवेतल्या तिसऱ्या उन्हाळ्याची पोर.
वर सासरची माणसं, मी विचारायच्या आत,
"पाय घसरला वो म्याडम."
तिनं मान वर केली.
"घसरला न्हाई.
आठपर्यंत मोजलं,
मग हात आपसूक चालाय लागले.
लई राग आला मला हातांचा."

आता ती ठाण्यात बाकावर, माझी शाल पांघरून,
चहा फुंकतेय, पीत नाही.
चपला माझ्या टेबलाखाली, मुद्देमाल.
रजिस्टर उघडलं. "पाय" लिहिलं,
खोडलं.
बाहेर जीपमध्ये सासरा कुणाकुणाला फोन लावतोय.

मीही एक लावला.
पलीकडं बराच वेळ खोकला,
मग भांडं पडल्याचा आवाज, मग ते.
मी सगळं सांगितलं. पान, ओळ, काय लिहू, विचारलं.
कान गेलेत त्यांचे, निम्मं ऐकूच गेलं नसणार.
"ती म्हणंल ते लिही," म्हणाले,
"आन् पोरगी जेवली का,
ते इचार आधी."